चौदा माणसांचा फोटो, बारा बाय अठराच्या खोलीत

गोव्यात डिचोलीला नवा स्टुडिओ काढलेल्या एका तरुण छायाचित्रकाराचा प्रश्न थोडक्यात असा आहे. खोली बारा फूट बाय अठरा फूट, छत दहा फुटांवर, भिंतींना फिकट हिरवा रंग, दाराबाहेर बाल्कांव, म्हणजे गोव्याच्या घरांपुढची छोटी ओसरी. दोन स्टुडिओ फ्लॅश, दोन मध्यम सॉफ्टबॉक्स (प्रकाश मऊ करणाऱ्या, फ्लॅशवर बसवायच्या कापडी पेट्या), फुल फ्रेम कॅमेरा आणि २४-७० मिलिमीटरची लेन्स एवढं सामान आहे. एकट्यादुकट्याचे फोटो चांगले येतात. पण चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मुंबई-पुण्याची माणसं मूळ घरी येतात, गणपतीच्या वर फळापानांनी बांधलेल्या माटोळीखाली सगळे जमतात, आणि दुसऱ्या दिवशी दहा-चौदा जणांचं कुटुंब एकदम स्टुडिओच्या दारात उभं राहतं. अशा वेळी मागची रांग काळवंडते, कडेची माणसं रुंद दिसतात, चष्मे चमकतात आणि सगळे शाळेच्या वर्गासारखे ताठ उभे राहतात. काय बदलावं?

मी १९९४ पासून फोंड्यात हेच काम करतोय. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे इथे कुलदैवताच्या दर्शनाला आलेली कुटुंबं परतीच्या वाटेवर फोटो काढायला थांबतात, त्यामुळे माझ्याकडे एकट्या माणसापेक्षा गटच जास्त येतात. तुमच्या प्रश्नाला हात घालण्यापूर्वी एक प्रसंग सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

रोलचा काळ होता. १२० च्या रोलवर सहा बाय सहाच्या फक्त बारा फ्रेम मिळायच्या, त्यामुळे एका गटाला तीनपेक्षा जास्त देणं जिवावर यायचं. एकदा सतरा जणांचं कुटुंब आलं. त्यांत घरातल्या एक विधवा काकी होत्या. मी सगळ्यांना बसवलं, कॅमेऱ्याकडे वळलो, आणि तेवढ्यात त्या आपल्या जागेवरून हळूच मागच्या रांगेच्या टोकाला सरकल्या. मंगलप्रसंगी आपण पुढे येऊ नये, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. मी ते पाहिलं, पण बोललो नाही. सहा वर्षांनी त्यांचा पुतण्या आला. काकी गेल्या होत्या आणि भिंतीवर लावायला त्यांचा एकही फोटो घरात नव्हता. मी निगेटिव्ह शोधली, एनलार्जरखाली धरली. पुढच्या माणसाच्या खांद्यामागून अर्धा चेहरा दिसत होता. एक डोळा, मोकळं कपाळ, आणि चष्म्याच्या काचेवर माझ्याच फ्लॅशचा पांढरा डाग. तेवढाच मोठा करून दिला. त्याने तो काही न बोलता घेतला.

गटाचा फोटो पुढे एकेकाचा फोटो होतो. आपल्याकडे हार घातलेल्या कितीतरी तसबिरी कुठल्यातरी लग्नाच्या, मुंजीच्या, चवथीच्या गटातून काढलेल्या असतात. म्हणून मी प्रत्येक गट या एकाच कसोटीवर लावतो: यातला कुठलाही चेहरा उद्या वेगळा काढला तर तो पूर्ण, स्पष्ट आणि ओळखीचा निघेल का? ही कसोटी लावली की दिवा कुठे, कॅमेरा कुठे, कोण कुठे बसेल, याचे बरेच निर्णय आपोआप होतात.

आता तुमच्या अडचणी. मागची रांग काळवंडणं आणि कडेची माणसं रुंद होणं या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात, पण मूळ एकच: तुम्ही फार जवळ आहात. कॅमेराही जवळ, दिवाही जवळ.

आधी दिवा. प्रकाश अंतराच्या वर्गाने कमी होतो. तुमचा सॉफ्टबॉक्स पुढच्या रांगेपासून दीड मीटरवर असेल, तर एक मीटर मागे उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचेतो तो जवळजवळ एक तृतीयांश उरतो, म्हणजे दीड स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट). तोच दिवा चार मीटरवर नेला, तर पुढे आणि मागे यांत अर्ध्या स्टॉपपेक्षा थोडाच जास्त फरक राहतो. एकट्या माणसाला दिवा जवळ घेतला की सुंदर मऊ प्रकाश मिळतो, ती सवय हाताला लागलेली असते. गटाला ती मोडावी लागते. शिवाय दिवा उंच घ्या, साडेसात-आठ फूट, आणि त्याचा रोख मागच्या रांगेच्या चेहऱ्यांवर ठेवा. मधला जोरकस झोत मागे जातो, पुढच्यांना कडेचा मंद भाग मिळतो, आणि उरलेला फरकही बराचसा मिटतो. दिवा उंच असला की गटामागच्या पडद्यावरच्या सावल्याही खाली, माणसांच्या पाठीमागे लपतात.

बाजूंचं म्हणाल तर दोन दिवे कॅमेऱ्याच्या दोन्ही अंगांना ठेवा, पण त्यांचे रोख उलटे: डावीकडचा दिवा उजव्या टोकाकडे, उजवीकडचा डाव्या टोकाकडे. मग दोन्ही टोकांची माणसं दिव्याजवळ असूनही जळत नाहीत. दोन्ही दिव्यांचा जोर मात्र सारखा ठेवू नका. सारखा ठेवला की चेहरे पासपोर्ट फोटोसारखे सपाट होतात, आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना दोन सावल्या पडतात. एक दिवा अर्ध्या ते पाऊण स्टॉपने जोरात ठेवा. एवढ्याने गालाला गोलाई येते आणि कुणाचा चेहरा अंधारात जात नाही. एका बाजूने पंचेचाळीस अंशांचा नाट्यमय प्रकाश तीन माणसांपर्यंत शोभतो. त्यापुढे एकाच्या नाकाची सावली दुसऱ्याच्या गालावर पडायला लागते.

सॉफ्टबॉक्स लहान असतील तर ते काढून ठेवा आणि पाच फुटी पांढऱ्या छत्र्या घ्या. त्या स्वस्त आहेत आणि गटाला जास्त उपयोगी पडतात, कारण प्रकाश रुंद पसरतो. आणखी एक युक्ती छोट्या खोलीसाठी फार चांगली आहे. फ्लॅश गटाकडे न रोखता तुमच्या पाठीमागच्या भिंतीवर, वरच्या भागात मारा. सगळी भिंत दिवा होते, आणि भिंत गटापासून लांब असल्यामुळे पुढे-मागे फारसा फरकही पडत नाही. पण तुमची भिंत फिकट हिरवी आहे, तिथून परतलेला प्रकाश सगळ्यांचे चेहरे आजारी करील. दोन पांढऱ्याशुभ्र डबल बेडच्या चादरी शिवून जोडा आणि त्या भिंतीवर पडद्यासारख्या सोडा. आत्ताही बाजूच्या भिंतींवरून थोडा हिरवा रंग चेहऱ्यांवर येतच असणार. कडेच्या माणसांच्या कानामागे, मानेवर बघा. जमेल तेव्हा खोलीला पांढरा किंवा राखाडी रंग काढा.

माणसं यायच्या आधी, रिकाम्या स्टुलांवर, प्रकाश मोजायच्या मीटरने किंवा तो नसेल तर मदतनिसाला प्रत्येक जागी बसवून एकेक फोटो काढून पाच ठिकाणी मोजा: दोन्ही टोकं, मध्य, मागची रांग, आणि पुढे मुलं बसतील ती जमिनीजवळची जागा. एक तृतीयांश स्टॉपच्या आत फरक आला की झालं. ही वीस मिनिटं कुटुंब समोर असताना खर्च करायची नसतात. ते आल्यावर तुमचं लक्ष माणसांवर हवं.

आता कॅमेरा. तुम्ही २४ वर काढत असणार, कारण खोलीत सगळे मावत नाहीत. रुंद लेन्सला कडेच्या गोष्टी बाहेरच्या बाजूला ताणायची सवय असते. मधली माणसं ठीक दिसतात, पण टोकाला उभ्या असलेल्या वहिनींचा दंड आणि गाल ताणला जातो. त्या बिचाऱ्या फोटो पाहून गप्प बसतात, पण पुन्हा येत नाहीत. तुमच्या खोलीचा हिशेब मांडू. अठरा फुटांतले पडद्यापासून मागच्या रांगेपर्यंत तीन फूट, दोन-तीन रांगांना तीन फूट, तुमच्या पाठीला दोन फूट. उरतात दहा फूट, म्हणजे तीन मीटर. तिथून ३५ वर साधारण तीन मीटर रुंदी मिळते, काम निभतं. पण तुमच्याकडे बाल्कांव आहे! दार उघडा, ट्रायपॉड बाहेर ठेवा आणि दारातून आत फोटो काढा. आणखी चार-पाच फूट मिळाले की ५० वर तेवढीच रुंदी मिळते आणि कडेची माणसं जशी आहेत तशी दिसतात. मी पहिली अकरा वर्षं असाच उंबऱ्याबाहेर उभा राहून गट काढत होतो. पावसात बाहेर छत्री धरून मदतनीस उभा असायचा.

लेन्सची उंची बसलेल्यांच्या डोळ्यांच्या आणि उभ्यांच्या डोळ्यांच्या मधोमध ठेवा, म्हणजे साधारण साडेचार फूट. ट्रायपॉड हवाच. एक तर चौकट ठरली की तुम्ही कॅमेऱ्याआडून बाहेर येऊन माणसांशी बोलू शकता, रिमोट हातात घेऊन. दुसरं, सगळ्या फ्रेम तंतोतंत सारख्या आल्या की एखाद्याचे डोळे मिटले तर दुसऱ्या फ्रेममधून त्याचाच चेहरा उचलून बसवता येतो.

लेन्सचं छिद्र एफ ८. हा आकडा मोठा तेवढं छिद्र लहान, आणि पुढून मागेपर्यंत जास्त भाग स्पष्ट. चार मीटरवरून ५० च्या लेन्सवर एफ २.८ ठेवलं, तर फोकसच्या मागे जेमतेम साठ सेंटिमीटर स्पष्ट राहतं. पुढच्या रांगेवर फोकस केला की मागची रांग मऊ पडलीच. एफ ८ वर तेच अंतर दोन मीटरच्या वर जातं. फोकस पुढच्या रांगेतल्या मधल्या माणसाच्या डोळ्यावर करा आणि लॉक करा. शटर १/१२५, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, २०० किंवा ४००. तुमचे फ्लॅश लहान असतील तर आयएसओ वाढवायला अजिबात घाबरू नका. थोडे दाणे दिसले तर कुणाचं बिघडत नाही, मऊ पडलेला चेहरा मात्र परत आणता येत नाही. फ्लॅश मॅन्युअलवर ठेवा. आपोआप मोजणारा फ्लॅश आधी एक बारीक झोत टाकतो, आणि काही माणसं त्या झोताला इतक्या झटकन डोळे मिटतात की खरा फोटो मिटल्या डोळ्यांचा येतो.

एवढं झालं की दिव्यांकडे आणि कॅमेऱ्याकडे पुन्हा बघू नका. खरं काम स्टुलांवर आहे.

सोफा बाहेर काढा. सोफ्यात माणूस रुततो, गुडघे वर येतात, पोट पुढे येतं, आणि शेजारच्यापेक्षा डोकं अर्धा फूट खाली जातं. मला टणक, सरळ पाठीच्या, हात नसलेल्या लाकडी खुर्च्या लागतात, तीन वेगवेगळ्या उंचीची स्टुलं लागतात, आणि पाट लागतात. दोन इंची, चार इंची, सहा इंची असे आठ-दहा पाट सुताराकडून करून घ्या. उंची जुळवायला पाटासारखी वस्तू नाही. बुटक्या मामांच्या पायाखाली, खुर्चीवर बसलेल्या आजीच्या पावलांखाली (पाय लोंबकळत राहिले की म्हातारं माणूस अवघडतं), मुलांना बसायला, सगळीकडे तोच.

बसवायच्या आधी घरातल्या एका जाणत्या बाईला बाजूला घ्या आणि हळू आवाजात विचारा: सर्वांत मोठं कोण, कुणाची कुठली मुलं, जावई कुठले, कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला कुणाशेजारी बसवायचं नाही. हा शेवटचा प्रश्न जरूर विचारा. जमिनीच्या वाटणीवरून दोन भाऊ दोन वर्षं बोलत नसतात आणि आईसाठी एका फोटोत येतात. त्यांना खांद्याला खांदा लावून उभं केलंत तर दोघांचे जबडे आवळलेले दिसतात. आईच्या दोन बाजूंना दोघं, असं बसवलंत तर दोघंही आईकडे झुकतात.

मग आजीला बसवा. किंवा आजोबांना, दोघं असतील तर दोघांना, एकमेकांकडे किंचित वळवून. हा गटाचा खांब. खांब बसला की बाकी घर त्याच्याभोवती उभं राहतं. त्यानंतर एकेक फांदी आणा: थोरला मुलगा, त्याची बायको, त्यांची मुलं, असा एक घोस, मग दुसरा, मग मुलगी-जावई आणि त्यांची मुलं. नवरा-बायको-मुलं एकमेकांजवळ राहिली की गट आपोआप सैल पडतो, कारण माणूस आपल्या माणसाला टेकतो. आणि उद्या त्या एका कुटुंबाला आपला तेवढाच भाग वेगळा हवा असेल तर तोही निघतो. उंचीप्रमाणे रांग लावलीत तर वर्गाचा फोटो होतो, तो असा.

डोक्यांची रचना कौलारू घराच्या छपरासारखी करा, मध्ये उंच आणि दोन्हीकडे उतरती. पण शेजारशेजारची दोन डोकी कधीही एका पातळीत नकोत. एकाचे डोळे दुसऱ्याच्या नाकाच्या किंवा हनुवटीच्या रेषेत येऊ द्या, त्यासाठीच पाट. मागच्याचं डोकं पुढच्या दोघांच्या मधल्या फटीत, आणि त्याची हनुवटी पुढच्यांच्या डोक्यांपेक्षा चार बोटं वर. इथे ती कसोटी पुन्हा लावा: कुणाच्या खांद्याने, अंबाड्याने किंवा टोपीने दुसऱ्याचा जबडा कापला जातोय का? मी लेन्समधून बघताना चेहरे मोजतो, आणि प्रत्येक चेहऱ्याला दोन कानशिलं आणि पूर्ण हनुवटी आहे ना ते पाहतो. एक जरी झाकली गेली, तरी पुढे जात नाही.

सगळ्यांना खांदे मध्याकडे वळवायला सांगा, चेहरा कॅमेऱ्याकडे. समोरासमोर उभा माणूस दीड फूट जागा घेतो, तिरका उभा राहिला की फूटभर. नऊ फुटी पडद्यावर तुमचे चौदाजण बसण्याचं गणित यानेच सुटतं. पाचजण खुर्च्यांवर, सहाजण मागे, तीन मुलं पुढे पाटांवर. उभ्या माणसांनी वजन मागच्या पायावर टाकायचं आणि कमरेतून किंचित पुढे झुकायचं. मराठीत ‘पुढे झुका’ म्हटलं की माणसं मान काढतात, म्हणून मी म्हणतो, ‘आजी काहीतरी हळू सांगतेय, ते ऐका.’ लगेच सगळे हवे तेवढे झुकतात. कोकणीत बोलणाऱ्या घरांना मी ‘मातशें लागीं सरात’ (थोडं जवळ सरका) म्हणतो, आणि आपल्या बोलीत ऐकलं की चेहरे लगेच मोकळे होतात.

हातांकडे लक्ष द्या, कारण माणूस चेहरा सांभाळतो आणि हात विसरतो. बसलेल्या पुरुषांचे हात मांडीवर, बोटं सैल. मुठी नकोत, आणि दोन्ही हात पुढे बांधून चोरासारखं उभं राहणं नको. साडीतल्या बाईचे हात एकावर एक, तळहाताची कड कॅमेऱ्याकडे, म्हणजे हात नाजूक दिसतो. मागे उभ्यांनी पुढच्याच्या खांद्यावर बोटं ठेवली तर नुसती चार बोटं खेकड्यासारखी दिसतात. हात ठेवायचाच असेल तर पूर्ण ठेवा किंवा खुर्चीच्या पाठीवर ठेवा.

आपल्या बायका चवथीला केसात अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, माळतात. तो अंबाड्यामागे राहतो आणि फोटोत दिसतच नाही. ज्या बाईने पहाटे उठून फुलं काढली, गजरा गुंफला, तिला विचारा आणि वळेसराचं एक टोक कानामागून खांद्यावर पुढे घ्या. केशरी रंगाचा तो एक पट्टा गटात कुठे कुठे दिसला की फोटो आपल्याकडचा होतो. जरीचा पदर मात्र थेट दिव्यासमोर नको, पांढरा होतो. एक चुणी कमी-जास्त केली की चमक जाते. कपड्यांचं आदल्या दिवशी फोनवर सांगा: सगळे एकाच रंगात यायची गरज नाही, बारीक रेघांचे शर्ट नकोत कारण त्यांवर लाटा उमटतात, आणि भडक पोपटी-गुलाबी टी-शर्ट नकोत, त्यांचा रंग हनुवटीखाली चढतो.

चष्मे काढायला कधीही सांगू नका. चष्म्याशिवाय तो माणूस घरच्यांना अनोळखी दिसतो. दिवे उंच आणि बाजूला असले की बहुतेक चमक जाते. उरली तर चष्म्याची काडी कानावर नखभर वर उचला, म्हणजे काच खाली झुकते आणि प्रतिबिंब कॅमेऱ्याऐवजी जमिनीकडे जातं. काडी कानावरून उचललेली समोरून अजिबात दिसत नाही.

गेलेल्या माणसाची तसबीर घेऊन कुटुंबं येतात. वडील नाहीत, पण ते फोटोत हवेत. मी ती आनंदाने घेतो आणि आईच्या शेजारच्या खुर्चीवर किंवा थोरल्या मुलाच्या हातात देतो. तसबिरीची काच हमखास चमकते. तिच्या वरच्या कडेमागे घडी केलेला हातरुमाल ठेवा म्हणजे ती इंचभर पुढे कलते, आणि काचेत दिव्याऐवजी अंधारी जमीन येते.

आणि जे कडेला सरकतात, त्यांना आत घ्या. विधवा बाई, लग्न न झालेला मोठा भाऊ, घरात चाळीस वर्षं काम करणारी मावशी, अंगावर डाग असलेली मुलगी. त्यांना कुणी हाकलत नाही, ते आपणहून सरकतात. मी आता प्रत्येक गटात असा माणूस शोधतो आणि त्याची जागा सगळ्यांच्या आधी, आजीनंतर लगेच ठरवतो. विचारून, हाताला धरून, ‘काकी, तुम्ही इथे बसा, इथे उजेड चांगला आहे,’ असं म्हणून. उजेडाचं कारण दिलं की त्यांचा संकोच जातो आणि घरातलं कुणी हरकतही घेत नाही.

मुलं सर्वांत शेवटी आणा. तीन वर्षांखालचं मूल सात-आठ मिनिटांपेक्षा जास्त टिकत नाही, ती सात मिनिटं फोटोची हवीत. मूल आजीच्या मांडीवर हवं असेल तर आधी आजीच्या गुडघ्यांचं विचारा, आणि मुलाचं वजन खुर्चीच्या कडेवर येईल असं बसवा.

आता क्लिक. ‘स्माइल प्लीज’ म्हणू नका, सगळ्यांचे ओठ एकाच मापाचे ताणले जातात. एक-दोन-तीन म्हटलं की लोक श्वास धरतात. मी सगळ्यांना डोळे मिटायला सांगतो, आणि तीनला उघडायला. उघडल्यानंतरच्या अर्ध्या सेकंदात चेहरे ताजे असतात आणि पापण्या लवायला वेळ असतो. मग मी कुणा एकाशीच बोलतो, बहुतेक वेळा आजीशी: यंदा माटोळीला काय काय बांधलं, मोदक किती केले, नेवऱ्या (करंज्या) कुणी तळल्या. आजी उत्तर देते, कुणीतरी तिची चूक काढतं, सगळे हसतात. हसू ओसरत असताना, ओठ मिटायला लागले असताना जो चेहरा असतो, तो त्या माणसाचा खरा चेहरा. तिथे दाबा.

किती फ्रेम घ्याव्यात याचं गणितही झालेलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेतल्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी ते मांडलं, आणि २००६ साली त्यांना इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक, मिळालं. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर उजेड चांगला असताना माणसांच्या संख्येला तीनने भागा, उजेड कमी असेल तर दोनने. तेवढ्या फ्रेममध्ये बहुधा एक तरी अशी येते की कुणाचेही डोळे मिटलेले नसतात. तुमच्या चौदाजणांना पाच ते सात. हे फक्त पापण्यांचं. हावभाव, मुलांचे हात, उडालेला पदर हे धरून मी वीस तरी घेतो.

गट झाला की दिवे हलवू नका. आजीला खुर्चीतच राहू द्या, बाकीच्यांना दोन पावलं बाजूला व्हायला सांगा, कॅमेरा जवळ न्या आणि तिचे एकटीचे दोन फोटो घ्या. मग आजोबा, मग ती काकी. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातही तीन मीटर रुंदीच्या गटात एकेका डोक्याच्या वाट्याला साडेचारशे-पाचशे पिक्सेल उंची येते. तसबिरीएवढा मोठा केला की ते अपुरं पडतं. ही पाच मिनिटं मी मागितल्याशिवाय देतो आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाही. उभे राहतो म्हणणारे खूप असतात, ‘माझा एकटीचा कशाला’ म्हणणाऱ्याही. त्यांना सांगतो, दिवा लागलेलाच आहे.

संगणकावर काम करताना मी डाग घालवतो, सुरकुत्या ठेवतो. ‘थोडं गोरं करा’ ही मागणी दर दिवसाला येते. एका घरात पाच वर्ण असतात आणि ते पाचही त्या घराचे असतात. सगळ्यांना एका रंगात बुडवलं की बहिणीसुद्धा एकमेकींना ओळखत नाहीत. मी नम्रपणे नाही म्हणतो आणि प्रिंट काढून दाखवतो. प्रिंट हातात आल्यावर आग्रह धरणारे फार थोडे राहतात.

चवथ पावसात येते, म्हणून सामानाचं एवढं सांभाळा. एसी लावलेल्या खोलीतून कॅमेरा दमट बाल्कांवात आणलात की काचेवर बाष्प धरतं; कुटुंब यायच्या अर्धा तास आधी एसी बंद करून दार उघडं टाका. कागदी पडद्याच्या कडा पावसाळ्यात वळतात, त्याचा रोल आडवा न ठेवता उभा ठेवा, किंवा जून ते सप्टेंबर सरळ कापडी पडदा वापरा. वीज जाणार हे धरून चाला. बॅटरीवर चालणारा एक फ्लॅश जवळ असू द्या. लेन्स बंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, नाहीतर बुरशी धरते आणि मग ती काच पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

आणि प्रिंट देण्यापूर्वी पाठीमागे मऊ पेन्सिलीने नावं लिहा, रांगेप्रमाणे, डावीकडून उजवीकडे, खाली तारीख आणि गाव. नावं त्याच दिवशी, कुटुंब चपला घालत असताना विचारून घ्या. मी एक वही ठेवली आहे, त्यात खुर्च्यांचे चौकोन काढून त्यांत नावं भरतो. काकींच्या त्या फोटोपासून ही वही सुरू आहे. आता ती बारावी आहे.